बसलेला माणूस शंभर वॉट

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दोन कुटुंबांनी हिवाळाभर एकाच खोलीत बसायचं ठरवलं की ते आपोआप साठतात. आमच्याकडे तर इतके साठलेत, की कोणी पाहुणा आला आणि 'न्यूझीलंडला थंडी असते का हो?' असं सहज विचारून बसला, तर त्याचं जेवण गार होतं!

आम्ही पामर्स्टन नॉर्थला गेलो ते दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. मी युनिव्हर्सिटीच्या आयटीमध्ये, बायको विद्या हॉस्पिटलात नर्स, आणि सात वर्षांची मुग्धा. त्याच रस्त्यावर चार घरं सोडून परांजपे. ते इंजिनिअर, कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्या कंपनीत. म्हणजे दिवसभर गार करायचा पगार घ्यायचा आणि संध्याकाळी घर गरम करायला तो घालवायचा! त्यांच्या सुनीतावहिनी फार्मसिस्ट, आणि दोन मुलगे. या मंडळींच्या या गोष्टी.

*

घर दाखवायला आलेला एजंट शॉर्ट्स आणि जँडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर होता. फेब्रुवारी महिना, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. मी विचारलं, "हीटिंगचं काय?"

"नॉर्थ-फेसिंग आहे!" तो अभिमानाने म्हणाला. तिकडे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणजे हीटिंग सूर्याचं!

जूनमध्ये त्या लाकडी घराने रंग दाखवला. भिंतीत काही नाही, जमिनीखाली काही नाही, काचा एकेरी. सकाळी खिडक्यांच्या आतून पाणी ओघळायचं. घराबाहेर पडलं की उन्हात स्वेटर काढावा लागायचा आणि घरात आलं की परत चढवायचा. शेवटी मी एजंटला फोन केला.

"तुझ्याकडे जंपर नाही का?" त्याने विचारलं. जंपर म्हणजे तिकडे स्वेटर.

"आहे. अंगातच आहे."

"मग त्यावर अजून एक घाल. स्वीट ॲज!" म्हणजे, सगळं उत्तम.

विद्या शेजारीच होती. म्हणाली, "त्याला विचार, झोपताना नाकाला काय घालायचं?"

*

खोबरेल तेलाची बाटली मार्चमध्ये थिजली ती नोव्हेंबरपर्यंत तशीच. पण वहिनींचं खरं दुःख इडलीचं होतं. पीठ दोन-दोन दिवस ठेवलं तरी ढिम्म हलायचं नाही. मग त्यांना शोध लागला, की घरात एकच जागा उबदार आहे. ती म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिथे टाकीच्या वर फळ्या असतात आणि लोक टॉवेल ठेवतात. वहिनींनी तिथे पीठ ठेवलं.

सकाळी पीठ पातेलं सोडून निघालं होतं आणि परांजप्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवरून खाली उतरत होतं. वहिनी घाबरल्या. परांजपे मात्र शर्टांकडे बघेचनात. धावत जाऊन थर्मामीटर घेऊन आले, आत धरला आणि ओरडले, "अगं, आत पुण्याचा एप्रिल आहे!"

"मग टॉवेल बाहेर काढा," वहिनी म्हणाल्या. "मी आत राहायला जाते."

*

त्याच आठवड्यात परांजप्यांनी तुलना करायला घेतली. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती, आमच्याकडे तेल भरलेला विजेचा हीटर. शिवाय गॅसचा हीटर आणि नव्याने निघालेला हीट पंप असे आणखी दोन उमेदवार. एका संध्याकाळची ऊब कशात किती महाग पडते, याचा त्यांनी कागद केला आणि आमच्या हॉलमध्ये उभे राहून बजेटसारखा वाचला. आम्ही रजया पांघरून ऐकत होतो.

"हे सगळं कळलं," वहिनी म्हणाल्या. "यात सगळ्यात स्वस्त काय?"

"सगळ्यात स्वस्त?" परांजप्यांनी चष्मा काढला. "शेजाऱ्याकडे जाऊन बसणं!"

ते थट्टेने म्हणाले. वहिनींनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघंही परांजपे खांद्यावर रजया टाकून आमच्या दारात हजर! तेव्हापासून तोच नेम झाला. एक दिवस आमच्या घरी, एक दिवस त्यांच्या. ज्याचं घर त्याचं हीटिंग, दुसऱ्याने जेवण आणायचं. आणि कोणी आत आलं रे आलं, की बाकीच्यांनी एका सुरात ओरडायचं, "दार लाव!"

परांजप्यांचं म्हणणं, यात नुसती काटकसर नाही, शास्त्र आहे. बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या बल्बइतकी ऊब देतो. कोल्ड स्टोरेजचं गणित करतानासुद्धा आत किती माणसं काम करणार ते धरावं लागतं.

मुग्धाने मराठीत ऐकलं आणि इंग्रजीत विचारलं, "ॲम आय अ हंड्रेड?"

"तू पन्नास. पण पळालीस तर दोनशे."

"देन आय'ल रन!" असं म्हणून ती जी पळत सुटली ती थेट अंगणात. तिचे दोनशे वॉट बाहेर, आणि खोलीतले उरलेले तिच्यामागोमाग.

"दार लाव!"

*

स्टेली आजोबा आमच्या कुंपणापलीकडे राहायचे. मूळचे ग्रीसमधल्या एका छोट्या बेटावरचे. तरुणपणी न्यूझीलंडला आले, आयुष्यभर फिश अँड चिप्सचं दुकान चालवलं, मग विकलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. आमची ओळख 'किया ओरा' हा तिकडचा माओरी नमस्कार आणि हात हलवणं एवढीच.

एका संध्याकाळी ते दारात उभे. हातात कागदात बांधलेलं भलं मोठं गरम पुडकं. विद्याला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे त्या बिचाऱ्या कुटुंबासाठी. घर गेलं का त्यांचं?"

झालं होतं असं, की रोज तिन्हीसांजेला परांजपे कुटुंब खांद्यावर अंथरूण-पांघरूण घेऊन रस्त्याने जाताना त्यांना दिसायचं. हाकलून दिलेले लोक असणार, असं धरून ते बिचारे घरी तळण काढून बसले होते!

विद्याने त्यांना आत नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. ते खोलीभर बघत राहिले. रजया, शेंगदाणे, मध्ये हीटर. परांजपे शाकाहारी, म्हणून त्यांच्यापुढे नुसत्या चिप्स सरकवल्या. आजोबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "माझ्याकडे मोठी शेगडी आहे. इथल्या मनुका झाडाचं लाकूड रचून ठेवलंय. पण एकट्यासाठी पेटवावीशी वाटत नाही."

वहिनींनी लगेच ठरवून टाकलं, "गुरुवार तुमच्याकडे!"

*

आजोबा मराठीत पहिलं काय शिकले असतील हे सांगायला नको. आमच्यापेक्षा जास्त हक्काने ओरडायचे. एकदा त्यांनी मीटर वाचायला आलेल्या माणसालाही मराठीतूनच दटावलं होतं.

त्या वर्षी गणपती आमच्याकडे होते. तिकडे गणपती म्हणजे थंडीची अखेर, पण त्या दिवशी वारा बोचरा होता. मूर्ती परांजप्यांच्या हातात, उंबऱ्यावर. वहिनींनी पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, आता ओवाळायला घेतलं तर वाऱ्याने निरांजन विझलं. परत लावलं, परत विझलं. दार सताड उघडं.

आतून, आरामखुर्चीतून, आवाज आला, "दार लाव!"

परांजप्यांनी मूर्तीकडे पाहिलं, म्हणाले, "चला देवा, इथे तुमचंसुद्धा चालत नाही," आणि सरळ आत आले. त्या वर्षी बाप्पाला ओवाळलं ते हॉलमध्ये, दार लावून!

*

पुढच्या हिवाळ्यात एका गुरुवारी आजोबांनी शेगडीत लाकूड सरकवता सरकवता सांगितलं, की त्यांना बेटावर परत जायचंय. बहीण वारली होती आणि आईवडिलांचं दगडी घर आता त्यांचंच होतं. मुलगी एलेनी वेलिंग्टनला शिक्षिका. तिचा साफ विरोध. "उन्हाळ्यात जा, पण हिवाळ्यात तिथे कोण असतं? अर्धं गाव बंद. वारा सुटला की बोट येत नाही. दगडाचं घर, तू एकटा. पेन्शनमध्ये ते घर गरम ठेवता येतं, हे मला कोणी दाखवून दे, मग जा."

आजोबांनी परांजप्यांकडे पाहिलं. "तू दाखव."

परांजप्यांना जन्मात असं काम मिळालं नव्हतं. ते हरखलेच! आजोबांचा चुलतभाऊ बेटावर कॅफे चालवायचा. त्याला डेअरीतनं, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेल्या फोनकार्डवरून फोन लावायचे, मध्ये दुभाषी आजोबा.

"भिंत किती जाड आहे?"

"जाड आहे."

"जाड म्हणजे किती?"

तिकडे बराच वेळ चर्चा. मग उत्तर आलं, "खिडकीत मांजर आडवं झोपतं."

परांजप्यांनी पेन सरसावून विचारलं, "केवढं मांजर?"

*

हसत होतो खरे, पण आम्हाला कोणालाच ते जायला नको होते. मी तर मनातल्या मनात देवाला सांगत होतो, की आकडा जबरदस्त येऊ दे. विद्याने एकदा स्वयंपाकघरात परांजप्यांना गाठून हळूच म्हटलंही, "थोडं वाढवून सांगा ना."

परांजपे चिडले. "वहिनी, मलाही ते इथेच हवेत. पण खोटा आकडा देऊन माणूस ठेवून घ्यायचा?" ग्लासभर पाणी प्यायले आणि बाहेर गेले.

निकालाच्या गुरुवारी एलेनी वेलिंग्टनहून आली. ती आजोबांना 'बाबा' म्हणायची. ग्रीकमध्येही बाबाच म्हणतात, हे ऐकून मुग्धा तिच्याकडे बघतच राहिली. परांजप्यांनी कागद काढला. बेटावर लाकूड दुर्मीळ, वीज महाग, शेगडीचं तेल बोटीने येतं. सगळं घर गरम करायचं म्हटलं तर अशक्य. पण एकच खोली धरली आणि तेल उन्हाळ्यातच भरून ठेवलं, तर इथल्यापेक्षा थोडंसंच जास्त. पेन्शनमध्ये बसतं.

आजोबांनी कागद हातात घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"माणसं. खोलीत किती माणसं बसणार ते. तुमच्या इथल्या गुरुवारचे आठ." परांजप्यांनी चष्मा पुसला. "आणि तिथे एक."

आजोबा त्या एकाकडे बराच वेळ बघत बसले. एलेनीने डोळे पुसले. "बाबा, एक हिवाळा," ती म्हणाली. "एकच. नाही जमलं तर मी न्यायला येणार."

*

विमानतळावर वहिनींनी त्यांना स्वतःच्या आईने शिवलेली गोधडी दिली. परांजप्यांनी सूचना दिल्या. खोलीचं दार कायम बंद, तेलाची नोंद, रात्री पडदे. आजोबा मुग्धाला म्हणाले, "माझं लाकूड तुमचं. तू पळत राहा, म्हणजे कमी लागेल."

ते गेल्यावर कुंपणापलीकडचं धुराडं गारच राहिलं. गुरुवारी आम्ही कुठेही बसलो तरी कोणीतरी म्हणायचंच, "आता तिकडे थंडी सुरू झाली असेल." परांजपे इंटरनेटवर त्या बेटाचं तापमान बघायचे आणि सांगायचे नाहीत. न सांगितल्यावरून आम्हाला कळायचं.

*

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे कडक उन्हाळा. मागच्या अंगणात बार्बेक्यू चाललेला, सगळी दारं-खिडक्या उघडी, जो तो जँडल्सवर. संध्याकाळी फोन वाजला. आजोबा! त्यांच्याकडे सकाळ होती. मी स्पीकर लावला, सगळे आत धावले.

बोट किती दिवस आली नाही, वारा कसा घोंघावतो, सगळं आवाज चढवून सांगत होते. परांजप्यांना राहवेना. त्यांनी फ्रीजवर चुंबकाने लावलेला तो बेटाच्या हिशेबाचा कागद काढून आणला.

"तेल किती उरलंय?"

आजोबांनी सांगितलं. परांजप्यांनी कागदावर बघितलं, परत बघितलं. चेहरा पडला. "एवढं उरणं शक्य नाही. तुम्ही शेगडी कमी लावताय. गारठून बसताय तुम्ही!"

"नाही रे! मस्त ऊब आहे. तुझं गणित चुकलं."

"माझं गणित चुकत नाही!"

"चुकलं!"

"कुठे चुकलं ते सांगा!"

तिकडे दार करकरल्याचा आवाज आला, वाऱ्याचा झोत फोनमध्ये शिरला, कोणी शेजारी आत डोकावला असावा. आणि मग मागून, खोलीतूनच, एका बाईचा खणखणीत आवाज आला. उच्चार तिकडचा, पण शब्द स्वच्छ:

"दार लाव!"

दार धाडकन लागलं. आजोबा नुसते खोकल्यासारखं करत होते.

परांजप्यांनी खिशातलं पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला, आणि 'माणसं'च्या पुढचा एक खोडला.