पाठ केलेली शपथ

चाकणच्या कंपनीत मी प्रेस मशिनवर असतो, पण माझं नाव झालं ते शपथेमुळे. सकाळची शिफ्ट सुरू होताना सगळे ओळीत उभे राहतात, एकजण कागद हातात धरून सुरक्षेची शपथ सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात. इतर लोक ती औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तशी वाचायचे. मी मात्र हात पुढे करून, ‘हेल्मेट’ला आवाज चढवून, ‘माझ्या कुटुंबासाठी’ म्हणण्याआधी आवंढा गिळून अशी काही सादर करायचो, की पोरं चहाचे कप खाली ठेवायची.

“राव, तुम्ही नाटकात पाहिजे होता,” सुपरवायझर म्हणायचा.

नाटकातच होतो की! शपथ मला पाठ होती. अक्षरं मला ओळखू येतात, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात हातातून निसटलेली असते. शाळेत गुरुजींनी यावर छडीचं औषध दिलं. मी स्वतःच दुसरं शोधलं: ऐकायचं, पाठ करायचं आणि वाचल्याचा अभिनय करायचा.

एकदा वरून नवी शपथ आली. कागद हातात नवा, तोंडात जुनीच. मी पूर्ण जोशात शेवटपर्यंत म्हटली. एकच हशा पिकला. “भाऊंनी साहेबाचीच फिरकी घेतली!” मी कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. बनियन मात्र घामानं पाठीला चिकटलं होतं.

लेक बारावीत असताना तिच्या कॉलेजच्या मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं. वाचतानाच अडचण होते. तपासणी करून प्रमाणपत्र घेऊ. बोर्डाच्या पेपरला जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. फक्त इथे पालकांची सही हवी.”

चार पानांचा फॉर्म होता. कोणत्या पानावर किती वेळ नजर ठेवायची, कुठे ‘हं’ म्हणायचं, कुठे भुवया उचलायच्या, यात माझा हात धरणारा कोणी नाही. चारही पानं मी तशी ‘वाचली’ आणि फॉर्म परत सरकवला.

“मॅडम, आमच्या घरात असलं काय न्हाई. पोरगी आळशी हाय.”

लेक दाराबाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.

घरी थोरल्या भावानं पाठ थोपटली. “बरं केलंस. उद्या स्थळ आलं तर ह्यो कागद आडवा आला असता.” हे कारण मला फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस मी तेच सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. तिच्या अडचणीला नाव मिळालं असतं, तर माझ्याही अडचणीला मिळालं असतं.

ती दोन विषयांत नापास झाली. वर्षभर चिखलीतल्या एका शेडमध्ये रबरी सील पिशव्यांत भरत राहिली. पाहुणे विचारायचे, तेव्हा मी म्हणायचो, “अनुभव घेतीय!” पाहुणे हसायचे.

राहिलेले विषय तिनं सोडवले, डिग्रीला प्रवेश घेतला आणि तोच अर्ज स्वतः भरला. आता तिला अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे माझ्या सहीची गरज नव्हती. तिच्या कॉलेजात अशा मुलांसाठी तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे पुस्तकं ऐकायला मिळतात, मोठ्या अक्षरांतल्या नोट्स मिळतात, आणि आठवड्यातून एकदा एक मॅडम प्रत्येकाशी निवांत बसून बोलतात.

दुसऱ्या वर्षी मी तिच्यासोबत बँकेत गेलो होतो. मागे रांग होती, क्लार्क घाई करत होता. ती म्हणाली, “मला वाचायला वेळ लागतो. जरा थांबा.”

क्लार्क थांबला! एवढंच होतं ते. पन्नाशीला आलो, हजार सोंगं काढली, पण हे एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

परवा कॉलेजातल्या त्याच तळमजल्याच्या खोलीत पालकांची बैठक होती. मॅडमनी एक कागद फिरवला आणि प्रत्येकानं एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा असं ठरलं. माझी पाळी आली. लेक कानाशी कुजबुजली, “पप्पा, इथं कुणी हसत न्हाई. वेळ लागतो म्हणा फक्त.”

मी उभा राहिलो. खिसे चाचपले. “अरे देवा, चष्मा घरीच राहिला! त्यापेक्षा आमच्या कंपनीची शपथ ऐका.” आणि हात पुढे करून सुरू झालो. सगळे हसले, मॅडमही हसल्या.

चष्मा माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. लेकीनं तो पाहिला, माझ्या हातातला कागद घेतला आणि माझा परिच्छेद वाचला. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, मागे जाऊन पुन्हा वाचत. बराच वेळ लागला. तेव्हा कुणीच हसलं नाही.

परतताना गाडीवर मागून तिनं विचारलं, “त्या दिवशी तो फॉर्म वाचला व्हता का तुमी?”

“वाचला की! चारी पानं.”



बोललेलं लिहून घेण्याची सोय कॉलेजनं तिला शिकवली, तिनं माझ्या फोनमध्ये घालून दिली. हे सगळं मी त्या फोनशीच बोललोय. फॉर्म मी वाचला नव्हता, हेसुद्धा. उद्या सकाळी तिला पाठवीन. ती बोट ठेवून सावकाश वाचत असेल, तेव्हा मी चाकणला ओळीपुढे उभा असेन, कागद हातात धरून.