औशाचं पाणी

सोमवार असला की लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात पाटी वाचायची गरज नसायची. वेलदोडा, गूळ आणि तव्यावर पडलेलं तूप यांचा वास माणसाला मनगटाला धरून धुरपताबाईच्या खानावळीत आणून बसवायचा. पत्र्याची शेड, शेणानं सारवलेली जमीन, सतरंजीच्या दोन पट्ट्या आणि भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, एवढंच काय ते हॉटेल. पण पुरणपोळी अशी की बोटानं उचलली तर मधोमध वाकावी आणि तरी फाटू नये.

धुरपताबाई मूळची औशापलीकडच्या एका खेड्यातल्या घरची सून. नवरा गेल्यावर दहा वर्षं ती जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, सिद्रामप्पाच्या घरी राहिली. सकाळी वीस माणसांच्या भाकरी, संध्याकाळी वीस माणसांच्या भाकरी, आणि तिचं ताट सगळ्यांच्या शेवटी. सणाच्या दिवशी पोळ्या संपल्या तर संपल्या. ज्या हातांनी त्या लाटल्या त्या हातांच्या बाईला मिळाली का, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. एक दिवस तिनं पाटा-वरवंटा पोत्यात बांधला आणि लातूरची एसटी धरली. पाट्याचं तिकीट लागतं का, असं कंडक्टरला विचारलं म्हणे. तो म्हणाला, बस मावशी, मांडीवर घेतलास तर लेकरू समजतो.

खानावळीची पहिली सात वर्षं कशीबशी निघाली. मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि बाईचं नशीब उघडलं. उस्मानाबादेहून, औरंगाबादेहून फायली आल्या, फायलींमागं कारकून आले. बायकापोरं तिकडं, माणूस इकडं. भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भात करपवून कंटाळलेली ही माणसं दोन्ही वेळा तिच्याकडं जेवू लागली. महिन्याचे अठरा मेंबर झाले. त्यांचा म्होरक्या शेषेराव, अव्वल कारकून, चष्मा कपाळावर चढवून जेवणारा. बाई त्याला आधी वाढायची, आणि तो मान हलवेपर्यंत बाकीच्यांच्या ताटात तूप सोडायची नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात पाणी गेलं. नळ दहा दिवसांनी यायचा, तोही खोकत. घरमालकानं अंगणात बोअर मारली. तीनशे फुटांवर पाणी लागलं म्हणून त्यानं पेढे वाटले. बाईनं त्या पाण्यात डाळ शिजायला टाकली. पाणी मचूळ होतं. तासभर उकळलं, दोन तास उकळलं, लाकडं संपली, तरी हरभऱ्याच्या डाळीचा दाणा बोटांत दाबला की टणक. तसंच वाटलं तर पुरण रेतीसारखं. पोळी तव्यावर टाकली की फुटायची आणि पुरण बाहेर यायचं.

एका सोमवारी तिनं डाळ रात्रभर भिजवली. काही उपयोग झाला नाही. पुढच्या सोमवारी कुणाचं तरी ऐकून खायचा सोडा टाकला. डाळ शिजली, पण काळपट झाली, आणि पुरणाला धुण्याच्या साबणाची चव आली. अठरा माणसं गप्प बसून जेवली. खानावळीत माणसं गप्प बसून जेवतात तेव्हा समजावं की काहीतरी संपत आलं आहे.

हात धुताना शेषेराव म्हणाला, "मावशी, राग मानू नका. भाकरी काय, कुठंबी मिळते. आम्ही सोमवारसाठी येतो."

स्टेशनकडं नवं हॉटेल निघालं होतं, तिथं वाटीत गुलाबजाम मिळतो, हेही त्यानं सांगितलं. मेंबरांचं ठरलं होतं. आणखी एक सोमवार बघायचा, नाहीतर पहिल्या तारखेपासून सगळे तिकडं.

त्याच आठवड्यात सिद्रामप्पाचा निरोप आला. सुनेला दिवस गेलेत, घरात हात कमी पडतोय, खानावळ चालत नाही असं ऐकतो, गाडी पाठवू का. बाईनं निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं. त्यानं एक घोट घेतला आणि उरलेलं हळूच अंगणात ओतलं.

लातुरात गोडं पाणी नव्हतं असं नाही. भीमनगरच्या आडाला होतं. वस्तीच्या लोकांनी तो आपल्या हातांनी खणला होता, गावातले आड त्यांना बंद होते त्या काळात. आता गावातल्या आडांत दगड दिसत होते आणि त्या आडाला कमरेएवढं पाणी होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि गाव त्याविषयी बोलत नव्हतं.

त्या वस्तीतली गुणाबाई बाईच्या ओळखीची. आधी ती खानावळीला लाकूड पुरवायची. नवरा शिपाई होता, तो वारल्यावर त्याच्या जागी ती नव्या कलेक्टर ऑफिसात लागली. नोकरी लागली तरी सोमवारी ती मागच्या दाराशी यायचीच. लेकरांसाठी चार पोळ्या, रोख पैसे देऊन. ती जर्मनचा, अॅल्युमिनियमचा, डबा उघडून उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि धुरपताबाई वरून पोळ्या सोडायची. डब्याला हात लागायचा नाही. अकरा वर्षं असंच चाललं होतं आणि दोघींपैकी कुणी त्यावर एक शब्द बोललं नव्हतं.

रविवारी सकाळी धुरपताबाई घागर पदराखाली झाकून भीमनगरात गेली. आडावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. गुणाबाई रहाटाशी होती. धुरपताबाईनं नेहमीसारखं "गुणे" म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून "गुणाबाई" निघालं.

"डाळ शिजून नाही राहिली," ती म्हणाली. "उद्याचा सोमवार गेला तर खानावळ गेली. मग मला जेठाच्या चुलीपाशी मरायला जावं लागतंय."

गुणाबाईनं दोर सोडला नाही. "पानी पायजे?"

"हाव. दोन घागरी."

"तुमच्या मेंबरांना चालतंय का ते?"

धुरपताबाईनं घागरीवरचा पदर आणखी ओढून घेतला.

"तुमचा शेषेरावसायब हाय ना," गुणाबाई सांगू लागली, "त्याला दिवसातून चार डाव पानी म्याच देते. घटाघटा पितो. हापिसात चालतं. पाच वाजले की चालत न्हाई." आडावरच्या बाया हसल्या. गुणाबाई हसली नाही. "पानी न्या, बाई. उन्हाळ्यात पान्याला न्हाई म्हनू न्हाई. पर येक हाय. कुनी इचारलं तर नाव सांगायचं. आपनहून दवंडी पिटा म्हनत न्हाई म्या. इचारलं तर."

"सांगते."

"बसवेश्वराच्या फोटोम्होरं सांगाल?"

"सांगते म्हटलं ना गं."

सोमवारी डाळ अशी शिजली की पळी फिरवताच मोडली. येळवणी, डाळ गाळून निघालेलं पाणी, सोन्याच्या रंगाची. बाई पाट्यावर पुरण वाटत होती आणि वाटता वाटता रडत होती, आणि रडताना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. दुपारी पंगत बसली. पहिली पोळी शेषेरावच्या ताटात पडली. त्यानं घास मोडला, तूप लावलं, तोंडात टाकला, आणि चष्मा कपाळावरून खाली घेऊन पोळीकडं बघितलं.

मग जो गलका झाला. कुणी पाचवी मागितली, कुणी सहावी. भूमापनवाला एक पोरगेला कारकून येळवणीची आमटी वाटीनं प्यायला. स्टेशनच्या गुलाबजामला कुणीतरी चिखलाची गोळी म्हटलं. बाई तव्यापाशी उभी होती. पाणी गेल्यापासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली उतरले होते. मागच्या दारात गुणाबाई डबा उघडा ठेवून उभी होती. बाईनं चार पोळ्या उचलल्या आणि हात आपोआप वर गेला. पोळ्या वरून डब्यात पडल्या. पडल्यावर तिच्या लक्षात आलं. गुणाबाईनं डब्याचं झाकण लावलं नाही.

तेवढ्यात आतून शेषेरावनं विचारलं, "मावशी, आज डाळीला झालं काय? पाणी कुठलं हे?"

सतरा माणसं चावता चावता थांबली, असं बाईला वाटलं. खरं तर कुणी थांबलं नव्हतं. कुणी मिठाकडं हात करत होतं, कुणी ठसकत होतं. सांगायला जागा होती. तिनं तोंड उघडलं. तिला अठरा रिकामी ताटं दिसली, सिद्रामप्पाची गाडी दिसली.

"औशाचं," ती म्हणाली. "जेठाच्या हिरीचं. एसटीच्या टपावर घालून आणलं."

"वा," शेषेराव म्हणाला. "घरचं पाणी ते घरचं पाणी."

बाई वळली तेव्हा मागचं दार रिकामं होतं. डबा तिथंच होता. आत चार पोळ्या, वर एक मुंगी.

बाकीचा आठवडा मेंबर खुशीत होते. पहिल्या तारखेला कुणीही गेलं नाही. रविवारी ती घागर घेऊन पुन्हा आडावर गेली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गुणाबाईनं पाणी शेंदलं, आपली घागर भरली, डोक्यावर घेतली.

"औशाची हीर आटली का, बाई?" तिनं विचारलं आणि निघून गेली.

दुसऱ्या बायांनी रहाट अडवला नाही. अडवला असता तर भांडता आलं असतं. त्या नुसत्या बाजूला झाल्या. धुरपताबाईला दोराला हात लावता आला नाही. ती रिकामी घागर घेऊन परत आली.

त्या सोमवारी पुन्हा बोअरचं पाणी. पुन्हा रेती. शेषेरावनं पहिला घास मोडला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"मावशी, जेठाला सांगा की आठवड्याला दोन घागरी पाठवायला. किती लांब आहे औसा?"

धुरपताबाईनं तवा खाली उतरवला. पदराला हात पुसले. ती दोन्ही सतरंज्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली, जिथं ती एरवी वाढायला वाकायची.

"ते औशाचं न्हवतं," ती म्हणाली. "भीमनगरच्या आडाचं होतं. गुणाबाईनं दिलं, तुमच्या हापिसातल्या. म्या खोटं बोलले. ज्याला सहा पोळ्या गेल्या ना, त्याला त्या पाण्यानं गेल्या."

कुणी ओरडलं नाही. ओरडतील असं तिला वाटलं होतं, आणि त्याची तिनं तयारी केली होती. एकानं पाण्याचा पेला उचलला होता तो तसाच खाली ठेवला. भूमापनवाल्या कारकुनानं आजूबाजूला बघितलं आणि पुन्हा जेवायला लागला. शेषेराव ताटावरून उठला नाही. जेवत्या पंगतीतून उठणं त्याच्या घरी पाप मानत. तो रेतीची ती पोळी शेवटपर्यंत जेवला. हात धुतले, टॉवेलला पुसले आणि बाईजवळ येऊन हळू आवाजात बोलला.

"खाल्लं ते खाल्लं, मावशी. मला त्याचं काय नाही. पण हे सांगायचं नव्हतं."

"इचारलं तुमी."

"विचारलं म्हणून काय झालं? औशाचं म्हणाला होतात ना? झालं होतं. आता सगळ्यांदेखत कळलं. उद्या गावाकडं चार माणसं विचारतील, काय सांगू?"

भांडण झालं नाही. एकाची बायको आली. एकाला पित्त झालं. दोघांनी मिळून खोली बदलली, ती नेमकी स्टेशनकडं मिळाली. प्रत्येकजण जाताना मावशीच्या पाया पडला आणि हाताला चव आहे म्हणाला. पंधरा दिवसांत अठराचे चार राहिले.

धुरपताबाई आडावर गेली ती दुपारी, भर बाजारातून, घागर डोक्यावर उघडी. त्या वेळी आडावर गुणाबाई एकटीच होती, सुट्टीचा दिवस होता.

"सांगितलं म्या," धुरपताबाई म्हणाली.

"कळलं. हापिसात पंदरा दिस तेच चाललंय." गुणाबाईनं दोर तिच्याकडं सरकवला. "आता सायब लोक पानी मागताना घंटी वाजवत न्हाईत. सोता उठून माठातून घेतात."

"तुझं काय गेलं त्यात?"

"माजं? माजी चक्कर वाचली." गुणाबाई जोत्यावर बसली. "त्याच्या आठ दिस आदी सांगितलं असतं तर म्याबी तितंच हुबी होते, बाई. मागच्या दारात. ऐकलं असतं."

धुरपताबाईनं रहाट ओढायला सुरुवात केली. सवय नसलेल्या हाताला दोर कापत होता. घागर अर्धी वर आली तेव्हा गुणाबाईनं विचारलं, "मेंबर किती ऱ्हायले?"

"चार."

"मग भरून कामून नेता? आड बी खाली चाललाय. अर्धी बस हाय."

अर्धी घागर घेऊन ती परत आली तेव्हा सिद्रामप्पाचा माणूस पायरीवर बसला होता. गाडी शुक्रवारी येईल, तयारीत राहा, असा निरोप होता. तो विचारत नव्हता, सांगत होता.

धुरपताबाईनं घागर खाली ठेवली. त्याला पेलाभर पाणी दिलं. त्यानं ते सगळं पिऊन टाकलं आणि आणखी मागितलं, आणि कुठलं हे विचारलं नाही.

"जेठांना म्हणावं, गाडी पाठवू नका," ती म्हणाली. "अजून चार माणसं जेवतात माझ्याकडं."

त्या चौघांपैकी भूमापनवाल्याची निलंग्याला बदली झाली होती, त्यानं सकाळीच सांगितलं होतं. ते ती बोलली नाही. निरोप्या बोळातून बाहेर पडेपर्यंत ती दारात उभी राहिली, मग आत जाऊन तिघांपुरती डाळ मोजून घेतली, आणि थोड्या वेळानं त्यात आणखी एक मूठ टाकली.