नाक्यावरच्या फळ्यावरचं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बँकेत फॉर्म भरताना, हळदीकुंकवाचं आमंत्रण लिहून देताना कोणीतरी मान वाकडी करून बघतं आणि म्हणतं, "काय सुरेख अक्षर हो तुमचं! कुठे शिकलात?" मी "शाळेत" म्हणते आणि विषय बदलते. उत्तर खोटं नाही, पण इतकंच सांगून गप्प बसणं खोट्याहून वाईट आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

आमची शाळा लालबागेत होती, मुलींची, चौथीपर्यंतची. तळाला कोळशाची वखार आणि वरच्या दोन मजल्यांवर वर्ग. घरून घालून आलेला पांढरा फ्रॉक मधल्या सुट्टीपर्यंत करडा व्हायचा. चौथीला आम्हाला ज्या बाई होत्या त्यांची साडी मात्र संध्याकाळपर्यंत पांढरीच असायची. त्या हे कसं जमवायच्या हे आम्हाला कधी कळलं नाही. त्या आमच्याच नाक्यापलीकडच्या चाळीत राहत. त्यांचे यजमान गिरणीत छाती गमावून घरी बसले होते, दिवसभर गॅलरीत खोकत. दोन लहान मुलं, सासूबाई आणि ते यजमान, सगळं घर बाईंच्या नोकरीवर चालत होतं. आमच्या आयांच्या बोलण्यात हे रोज असायचं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

बाईंची लिहिण्याची एक रीत होती. फळ्यावर त्या अख्खं वाक्य आधी रेघेशिवाय लिहायच्या. मग खडू आडवा धरून डावीकडून उजवीकडे एका दमात वरची रेघ ओढायच्या, शब्द संपला की खडू जरासा उचलून पुन्हा टेकवायचा. "रेघ शेवटी," त्या सांगायच्या. "आधी रेघ मारली की अक्षरं आळशी होतात." वर्गातल्या पस्तीस जणींपैकी ही रीत फक्त मला साधली. कित्त्याच्या वहीवर मी इतकी मान मोडून बसायचे की सहामाहीपर्यंत माझं आणि बाईंचं अक्षर शेजारी ठेवलं तर मुलींना ओळखता येईना.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळच्या नाक्यानाक्यावर फळे टांगलेले असत. सभा कुठे, मोर्चा किती वाजता, रात्री कोणाला धरून नेलं, सगळं त्यावर. पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार तिथे थांबायचे आणि ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचून दाखवायचा. पोलीस येऊन ओल्या फडक्याने फळा पुसायचे, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरलेला. शेजारच्या गल्लीतल्या एकाला फळा लिहिताना पकडलं होतं आणि तो पंधरा दिवसांनी लंगडत परत आला होता. आमच्या नाक्यावरचा फळा कोण लिहितं, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. दूध केंद्रावर पहाटे रांग लागायच्या आत तो लिहून झालेला असायचा.

एकदा आईने मला दुधाच्या बाटल्या घेऊन धाडलं आणि मी फळ्यासमोर उभी राहिले. शब्दांच्या टोकाला रेघ जराशी उचललेली. मी क्षणात ओळखलं. मला भीती वाटली नाही, अभिमान वाटला, आणि शाळेत गेल्या गेल्या मी बाईंना एकटं गाठून विचारलं, "बाई, नाक्यावरचा फळा तुम्ही लिहिता ना?"

बाईंनी हातातला डस्टर खाली ठेवला. "कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"मग सांगू नकोस, बाळा. शाळेतल्या माणसांनी त्यात पडायचं नाही असा हुकूम आहे. माझी नोकरी जाईल." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या अशा कोणाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम त्यांनी मला दिलं.

इथपर्यंत मी बरी मुलगी होते. पण गुपित माझ्या डोक्यात गेलं. मी उशिरा येऊ लागले. पाढे पाठ केले नाहीत तरी बाईंकडे बघून गालात हसायचे, जणू आम्ही दोघी एका बाजूच्या आणि बाकी वर्ग दुसऱ्या. बाईंनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी गृहपाठ न करता आले आणि वर उलट बोलले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि शेवटच्या रांगेतल्या एका मुलीला दिला.

ती मुलगी नवीन होती. तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. तिचं अक्षर म्हणजे उतारावरून घसरणाऱ्या हातगाड्या, पण ती जीभ दातात धरून एकेक काना मन लावून काढायची. माझ्या जागी ती! आमच्या चाळीत त्या लोकांबद्दल जे बोललं जायचं ते माझ्या कानांवर होतं, आणि माझ्या रागात तेही मिसळलेलं होतं. हे मी बरीच वर्षं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. आठवडाभर मी बाईंशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, म्हणून आणखी पेटले.

त्यातच तपासणी आली. साहेब कोट घालून आले, मागे मुख्याध्यापिकाबाई. साहेबांनी फळ्यावरचा सुविचार वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, याहून बरं अक्षर तुमच्या वर्गात नाही?"

"ती शिकते आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"तुम्ही लिहून दाखवा बघू."

बाईंनी खाली तेच वाक्य लिहिलं. आधी अक्षरं, मग रेघ. साहेबांचा चेहरा खुलला. "वा! असं अक्षर मी या भागात कुठे पाहिलेलं नाही."

मी हात वर केला. मला कोणी काही विचारलं नव्हतं. "मी पाहिलंय, साहेब. आमच्या नाक्यावर. मोर्चाच्या बातम्या असतात त्या फळ्यावर. रेघसुद्धा अशीच."

लहान होते, तोंडातून निसटलं, असं मी पुढे खूप जणांना सांगितलं. निसटलं वगैरे काही नाही. हात वर करताना मला ठाऊक होतं की मी काय करते आहे. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहावं, एवढ्यासाठी मी ते केलं. आणि त्यांनी पाहिलं.

साहेबांनी खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं. दुपारी मला मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कोरा कागद, टाक आणि दौत. "जे पाहिलंस ते लिहून दे," साहेब म्हणाले. बाई खिडकीशी उभ्या होत्या. तेव्हासुद्धा मला म्हणता आलं असतं की मी खोटं बोलले, मला राग आला होता. पण टाक हातात आला आणि मला सुचलं ते एवढंच, की साहेबांसमोर अक्षर चांगलं यायला हवं. मी चार ओळी लिहिल्या, रेघेशिवाय. मग टाक आडवा धरून एकेक रेघ ओढली. शाईचा एकही डाग पडला नाही.

साहेबांनी कागद बाईंपुढे धरला. "यावर काही म्हणायचंय?"

बाईंनी तो घेतला आणि वाचला. वह्या तपासताना करायच्या तसं त्यांचं बोट ओळीखालून सरकत गेलं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रेघ सरळ आली आज," त्या मला म्हणाल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "खरं आहे तिचं."

महिन्याभरात बाईंची नोकरी गेली आणि पुढच्या महिन्यात बिऱ्हाड. भाडं कुठून देणार? ट्रंका, वळकट्या आणि खोकणारे यजमान घेऊन त्या गावी गेल्या. मी गॅलरीच्या कठड्याआडून बघितलं, खाली गेले नाही. आईने मला आत ओढलं. "कित्याक सांगितलंस गो? तुका काय नडला होता?"

"साहेबांनी विचारलं," मी म्हटलं.

नाक्यावरचा फळा पुढे पोरं लिहू लागली. बातम्या कळायच्या, पण वाचताना डोळे दुखायचे. मी सातवीत असताना महाराष्ट्र झाला. नाक्याला झेंडूची तोरणं लागली, फळा नव्याने काळा केला आणि कोणीतरी म्हणालं, त्या पोरीचं अक्षर चांगलं आहे, तिला बोलवा. वडिलांनी मला हात धरून नेलं आणि स्टुलावर चढवलं. पाच-पन्नास माणसं बघत होती. मी आधी अक्षरं लिहिली, मग खडू आडवा धरून रेघ ओढली.

दुधाची बाटली घेऊन चाललेली आमच्या चाळीतली एक म्हातारी थबकली. तिला वाचता येत नव्हतं, पण रोज पहाटे तिने तो फळा पाहिलेला होता. "अगो, बाई परत इली काय?" ती म्हणाली. "ह्यां तर बाईंचां अक्षर!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडीलसुद्धा.

"नाही," मी स्टुलावरून म्हटलं. "माझं आहे."