निम्मा बांध सरकारचा

सुदामा नगरात माझी भाची राहते. तिच्या घरी गेले की मी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत बसते, आणि ती चहा घेऊन वर येते व विचारते, "मावशी, काय ढूंढून राहिलीस?" मी आमचा बांध शोधत असते. तो आता सापडायचा नाही हे मलाही कळतं. पण जोराचा पाऊस झाला की तिच्या गल्लीत गुडघाभर पाणी तुंबतं आणि मागच्या रस्त्याचा एक तुकडा तेवढा कोरडा राहतो. तो रस्ता आमच्या बांधावरूनच गेला असणार, अशी माझी आपली समजूत आहे. ती कोणी खोडून काढायला आलं तर मी भांडेन.

मध्यभारत सरकार होतं तेव्हाची गोष्ट. बडा गणपतीच्या पुढे गेलं की शहर संपायचं आणि काळ्या मातीची शेतं लागायची; सुदामा नगर पुढे त्याच शेतांवर वसलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि कृष्णपुऱ्याजवळच्या आमच्या घरात मी सून म्हणून वावरायला शिकत होते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, यांची सारी हयात राजवाड्यात, जामदारखान्यात म्हणजे खजिन्यात गेलेली. संस्थान विलीन झालं, मामंजींना पेन्शन मिळाली, पण दरबार काही त्यांच्या अंगातून गेला नाही. वर्तमानपत्रात महाराजांचा फोटो आला, तर त्या कागदात भाजी निवडून टाकायची आम्हाला बंदी होती. नेमका तोच कागद हाताशी यायचा आणि मी बोलणी खायची.

घरात मामंजींची धाकटी बहीण होती, आत्याबाई. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं आणि त्या माहेरी परत आल्या. त्यांच्या वडिलांनी, बडा गणपतीपलीकडचं शेत हिच्या पोटापाण्यासाठी, असं मरताना तोंडी सांगून ठेवलं होतं. कागदोपत्री मात्र ते मामंजींच्या नावाचं. आणि शेत तरी कसलं, नुसता उतार. दर पावसाळ्यात वरची माती धुऊन नाल्यात जायची आणि विहीर शिवरात्रीच्या आतच तळ दाखवायची. गहू कधी पिकलाच नाही. बरं साल असलं तर थोडी ज्वारी हाती लागायची, नाहीतर कडबा.

शेवटी मामंजींनी ठरवलं की शेत विकायचं. एका शेठजींना तिथे विटांची भट्टी लावायची होती, त्यांचे निरोप येतच होते. मग आत्याबाईंनी महिदपूरला दिराकडे जाऊन राहावं. तिथे तुला मानाने ठेवतील, असं मामंजी त्यांना सांगायचे. दिराचा कबिला मोठा होता आणि त्यांची स्वैपाकाची बाई नुकतीच सोडून गेली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाईंनाही माहीत होतं.

तेवढ्यात आमच्या ह्यांनी ऑफिसातून एक बातमी आणली. शेतातली माती आणि पाणी अडवायला कोणी बांध घालत असेल, तर निम्मा खर्च खेती खातं देणार होतं. उरलेला निम्मा मालकाने करायचा, आणि तो रोख नको, कामाच्या रूपाने केला तरी चालेल. मामंजींना हे मुळीच समजेना. राज्याने इनाम द्यावं किंवा शेतसारा घ्यावा. राज्य आपल्याशी भागीदारी कशी करेल, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. दाराआडून आत्याबाई ऐकत होत्या. मोठ्या भावासमोर सहसा तोंड न उघडणाऱ्या त्या बाई एवढंच म्हणाल्या, की दादा, एक साल थांबा. मामंजींनी ते एक साल दिलं.

मग मी जी आत्याबाई पाहिली ती मला नवीनच होती. रोज सकाळी पडदे लावलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, आम्ही दोघी शेतावर जायचो. शहराच्या हद्दीत त्या बोटभर पडदा सरकू द्यायच्या नाहीत, पण शेतावर उतरल्या की पदर खोचून मजुरांशी अस्सल माळवीत बोलायच्या, हसायच्या, रागवायच्याही. वरच्या अंगाची माती खणायची, टोपल्यांनी आणून बांधावर टाकायची आणि बैल त्यावरून फिरवून ती दाबायची, असं काम चाले. मी आपली पाणी देण्याच्या निमित्ताने सावली धरून बसायची. दुपारी आम्ही मजुरणींच्या घोळक्यात बसून भाकरी खायचो आणि हे मामंजींना सांगायचं नाही असा आमचा करार होता. त्या उन्हाळ्याची मला अजून आठवण येते. सासरी मी पोटभर हसले ती पहिल्यांदा त्या शेतावर.

आमचा वाटा मातीचा बांध. सरकारचा वाटा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायला दगडात बांधलेली वाट. सांडव्याशिवाय बांध पहिल्या मोठ्या पावसातच फुटला असता. आणि खात्याचा ओव्हरसियर येऊन आमचं काम मोजून गेल्याशिवाय दगड यायचे नव्हते. वैशाख सरत आला तेव्हा एकदाचा तो येणार असा निरोप आला.

त्या दिवशी मामंजी स्वतः यायला निघाले. एवढ्या उन्हात त्यांनी बंद गळ्याचा लांब अंगरखा चढवला आणि डोक्यावर दरबारी पगडी. मला हसू दाबता येईना. आमचे हे कामावर गेले होते. ते असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

ओव्हरसियर सायकल हातात धरून ढेकळांतून चालत आला. तरुण मुलगा, ग्वाल्हेरकडचा, अंगात खादीचा बुशशर्ट आणि चेहऱ्यावर नव्या नोकरीचा कडकपणा. परका पुरुष आला म्हणून आत्याबाई दमणीत जाऊन बसल्या आणि त्यांच्यामागून मीही. पडद्याच्या फटीतून आम्ही पाहत होतो. मामंजी ताठ चालत त्याच्यासमोर गेले, लवून मुजरा केला, घडी घातलेला पांढरा रुमाल दोन्ही तळहातांवर पसरला, आणि त्यावर चांदीचा रुपया ठेवून तो त्याच्यापुढे धरला.

ती नजर होती, म्हणजे नजराणा. दसऱ्याच्या दरबारात ते दरवर्षी अशीच करत आले होते. महाराज रुपयाला नुसता हात लावायचे, 'माफ' म्हणायचे, आणि रुपया ज्याचा त्याच्या खिशात परत जायचा. राज्य पहिल्यांदाच आपल्या जमिनीवर पाऊल ठेवतंय, तर राज्याच्या माणसाला नजर करायलाच हवी, असा मामंजींचा सरळ हिशेब. त्या पोराला यातलं काय ठाऊक असणार? त्याला रुमालावर ठेवलेला रुपया दिसला. त्याचा चेहरा लाल झाला.

"आप मुझे रिश्वत दे रहे हैं?" तो म्हणाला. "मैं नाप नहीं लूँगा. ऊपर लिखकर भेजूँगा."

मामंजींचे हात तसेच पुढे, रुमाल तसाच पसरलेला. त्याने सायकल वळवली आणि तो आला तसा परत निघाला.

माझ्या शेजारून पडदा सरकला. आत्याबाई खाली उतरल्या आणि डोक्यावरचा पदरही नीट न करता ढेकळांतून जवळजवळ धावतच गेल्या. सायकलच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले, कारण त्या पडतील अशी मला धास्ती वाटली.

"साहब, वो रुपया लेने का नहीं है," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उसको सिर्फ हात लगाते हैं, फिर वो जिसका उसके जेब में जाता है. हमारे दादा को दूसरा तरीका आता नहीं, जिंदगीभर येच किया है. आप हमको चोर समझके मत जाइए. आप गए तो बांध जाएगा, और बांध गया तो मैं जाऊँगी."

कुठे जाणार, हे त्याने विचारलं नाही. त्याने बाईंकडे पाहिलं, मग त्या उन्हात पगडी घालून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे. सायकल जमिनीवर आडवी टाकून तो परत मामंजींकडे गेला. मला वाटलं, आता रुपयाला हात लावतो. त्याने लावला नाही. मामंजींची बोटं त्याने हळूच रुमालावर मिटली.

"बाबासाहब, अब इसमें कोई ऊपर-नीचे नहीं है," तो म्हणाला. "आधा काम आपका, आधा सरकार का. नजर कौन किसको देगा?"

मग त्याने फीत काढली. एक टोक मजुराने धरलं, आणि बांधाची लांबी, उंची, पाया, सगळं मोजून झालं. काम चांगलं झालंय असं तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. निघताना त्याने विचारलं, पुढे डागडुजी ज्याने करायची तो मालक कोण, त्याच्याच नावाने सांडवा मंजूर होईल.

मामंजी कागदोपत्री मालक. त्यांनी हो म्हटलं असतं तर कोणीही त्यांना नाव ठेवलं नसतं. त्यांनी एकदा त्या बांधाकडे पाहिलं. मग आत्याबाईंकडे हात करून म्हणाले, "मालक ही आहे. मैंने तो कुछ किया नहीं." त्या माणसावर मी तोवर फक्त वैतागत आले होते. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरोखर माया वाटली.

पाऊस लागायच्या आत दगड आले, सांडवा झाला. पुढे मामंजींनी तहसिलीत खेटे घालून शेत बहिणीच्या नावावर करून दिलं आणि शेठजींना नकार कळवला. त्या साली पाणी बांधाआड साचलं, मुरलं, आणि शिवरात्र उलटली तरी विहिरीवर मोट चालत होती. रब्बीला आत्याबाईंनी गहू टाकला.

गव्हाची पोती बैलगाडीतून कृष्णपुऱ्याला घरी आली, त्या दिवशी मी त्यातलेच थोडे दळून आणून पोळ्या करत होते. आमच्या घरात पुरुष जेवले की सासूबाई, मग मी, आणि आत्याबाई अगदी शेवटी, जे उरेल ते. कधी विचारलं तर म्हणायच्या, मला काही फारसं नको, सकाळचंच अजून बसलंय. त्यांचा आहारच तेवढा, असं आम्ही सगळे समजत आलो होतो.

त्या दिवशी मी मामंजींचं ताट वाढत होते. आत्याबाई आत आल्या, पाट ओढला, भावाच्या शेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "माझंही वाढ ग. मला भूक लागलीय."