जुळं आणि द्विपत्रप्रवेश

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस सातारा-सांगलीत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो मामांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. फौजेतून परतलेले हे कडेगावचे गृहस्थ आमच्या सांगलीच्या छापखान्यात पत्रांना घड्या घालून पाकिटात भरणारं मशीन चालवत. त्याच्या भागांना त्यांनी परस्पर नावं ठेवली होती. घडी घालणारे रोलर म्हणजे चरक, पाकिटाची चिकटवायची पट्टी म्हणजे जीभ, तिला ओलं करणारा ब्रश म्हणजे पाणक्या. कागद अडकला की मशीनला ठसका लागे, आणि दोन पत्रं एकाच पाकिटात शिरली की जुळं. भरलेल्या प्रत्येक पाकिटावरून मामा अंगठा फिरवत आणि जुळं लागलं की खुशाल मशीन बंद करत. एका कागदासाठी एवढा खोळंबा कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं.

"आवं जावईबापू, एका घरी दोन गेली म्हंजी एक घर वाट बघत बसलं. आमी चौकीवर लय वाट बघितलीया पत्राची."

नवीन मशीन आलं तेव्हा मालकांनी त्याची मराठी परिभाषा करायचं काम मला, म्हणजे मुद्रितशोधकाला, दिलं. तीन महिने मी रक्त आटवलं. पाणक्याचा आर्द्रक, ठसक्याचा पत्रावरोध, जुळ्याचा द्विपत्रप्रवेश! तक्ता भिंतीवर लागला. मामांनी चष्मा लावून तो वाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्ये म्हणंस्तवर चार पाकिटं फुडं जात्यात."

सगळा छापखाना हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे मालकांनी ठरवलं की तक्ता ज्याला येईल तोच नवं मशीन चालवील, आणि परीक्षक मी. मामांनी प्रत्येक प्रश्नाला स्वतःचंच नाव सांगितलं. मीही शून्य दिलं, शिवाय त्याखाली रेघ ओढली.

"बराबर हाय," मामा म्हणाले. "पाटीवरचं न्हाई आलं मला." महिनाअखेर ते कडेगावला निघून गेले. मशीनवर तक्ता पाठ केलेल्या दोन मुली आल्या. मामा एका शब्दानेही भांडले नाहीत याचाच मला जास्त राग आला.

यंदा पतसंस्थेच्या सभेची नोटीस मला आलीच नाही. लग्नानंतर मामांनीच मला तिथे सभासद केलं होतं, स्वतःच्या पाठोपाठचा नंबर घेऊन. संस्थेला खरमरीत पत्र लिहायला बसलो, तर सकाळच्या एसटीने मामा दारात. हातात उघडलेलं पाकीट आणि दोन नोटिसा, एक त्यांच्या नावाची, एक माझ्या. आमच्याच मशीनमधून गेलेल्या.

"जुळं आलं. सभा उद्या हाय, म्हणून आणून दिली."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. मला माझीच भयंकर लाज वाटली. "मामा," मी म्हणालो, "ते शून्य मी खोडतो."

"ऱ्हाऊ द्या की." रिकाम्या पाकिटावरून त्यांचा अंगठा फिरत होता. "त्या पोरींस्नी तेवढं सांगा, हात लावून बघत जावा म्हणावं. कुणाचं तरी घर ऱ्हातंय."