यादीतला देश

त्या गुरुवारी दुपारी कंपनीची बस रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून दोह्यातल्या आमच्या अल नस्र वस्तीत आली. माझे पती बसमध्ये नव्हते. काम करताना त्यांचे हृदय बंद पडले होते.

ते तिथे कारकून होते. बसने कोण जाणार-येणार याची यादी रोज हाताने लिहीत: नाव, नंबर, देश. एकदा त्यांच्या साहेबाने, एका गोऱ्या इंजिनिअरने, त्या यादीवर बोट ठेवले. यांनी त्याच्या नावापुढे ‘इंग्लिश’ लिहिले होते. तो म्हणाला, “मी इंग्लिश नाही. वेल्श.” यांनी शब्द खोडला, नवा लिहिला आणि अर्थ विचारला. आपण स्वतः कोकणी, हेही त्याला सांगितले.

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी मला सांगू लागले.

“अगो, वेल्श हे नाव त्यांचं नव्हेच! इंग्रजांच्या पूर्वजांनी ठेवलेलं. अर्थ काय, तर परका. बाहेरून येऊन घरच्यालाच परका म्हणाले बघ.”

“मग ते स्वतःला काय म्हणतात?”

“कम्री. म्हणजे एका मुलखातली माणसं.”

लग्नाआधी मी शाळेत मराठी शिकवत असे. शब्दाचे मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाचनालयातल्या जाड कोशात पाहिले. जुन्या जर्मन टोळ्या वेगळी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांना हा शब्द लावत. अक्रोडाच्या इंग्रजी नावाचा, ‘वॉलनट’चा, पहिला तुकडाही तोच निघाला: परमुलखातले फळ. मी हे सांगितले, तर हे शुक्रवारी बाजारातून पिशवीभर अक्रोड घेऊन आले. “घे, तुझे वेल्श पाहुणे.”

त्यांना तो शब्द इतका का लागला, ते मला ठाऊक होते. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. दोह्यातले अरब दुकानदार आम्हाला ‘हिंदी’ म्हणत. देशावरची मराठी मंडळी भेटली की कौतुकाने म्हणत, “तुम्ही मराठी किती छान बोलता हो!” हे शांतपणे उत्तर देत, “तुम्हीपण बरं बोलता.”

बाहेर असे हसत, पण घरी एक गोष्ट त्यांना सलत असे. आमच्या दहा वर्षांच्या मुलीला आमची कोकणी बोली सगळी कळे, उत्तर मात्र ती इंग्रजीत देई. आपण कोण, हे तिने आपल्या बोलीत सांगावे, एवढेच त्यांना हवे होते.

“दुसऱ्यांनी काय पण नाव ठेवू दे गो,” ते तिला म्हणत. “आपलं आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.”

“ओके, अब्बा,” ती म्हणे, आणि पुस्तकात डोके घाली.

दफन दुसऱ्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर झाले. कब्रस्तानात जाणाऱ्यांसाठी कंपनीने बस दिली. चौथ्या दिवशी तो इंजिनिअर आमच्या दारात आला. उभ्यानेच त्याने घडी केलेला एक कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “याद्या तो लिहायचा. ही मी लिहिली. ती तुमच्याकडे असावी.”

ती दफनाला गेलेल्या बसची यादी होती. देशाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या नावापुढे ‘वेल्श’ लिहिले नव्हते. ‘कम्री’ लिहिले होते. आमच्याकडच्या सात-आठ माणसांपुढे, एकेकाला विचारून, ‘कोकणी’ लिहिले होते. आणि सर्वांत वर, पहिल्या ओळीत, माझ्या पतींचे नाव, नंबर, आणि पुढे तोच शब्द. यांनी त्याचा शब्द एकदा दुरुस्त केला होता. त्याने यांचा लक्षात ठेवला होता. त्या शोकातही माझी मान ताठ झाली.

मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. इंजिनिअरने तिला इंग्रजीत विचारले, “‘कोकणी’ या शब्दाचा अर्थ काय?”

तिने अब्बांच्या नावावर बोट ठेवले. मग आमच्या बोलीत म्हणाली, “आमची मानसां.”

त्याने इंग्रजीत सांग म्हटले नाही. मान हलवली आणि निघाला.

ती यादी माझ्या कपाटात आहे. मुलगी आता मोठी झाली आहे. माझ्याशी ती कोकणीत बोलते.