थिएटरामागच्या गल्लीतली दुपार

मी शाळेत गणित शिकवते. गावात कुणाच्या अंगात आलं, की मी तिथून सरळ उठून जाते... तेव्हा मी हे लिहितेय याचं नवल आधी माझ्या ओळखीच्यांनाच वाटेल. पण घडलं ते घडलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोलपट आले आणि नाटक कंपन्या एकेक करून बसू लागल्या, ते दिवस. माझा थोरला भाऊ वसंता अशाच एका कंपनीत बायकांच्या भूमिका करायचा. आई आमच्या लहानपणीच वारली. माझी वेणी तोच घालायचा. पाचपेडी. शेवटी गाठ नाही, रिबीन नाही — टोक आतल्या आत वळवून असं खोचायचा, की दिवसभर सुटायची नाही. मला ती कधीच जमली नाही. तो कंपनीत गेला त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याचं नाव टाकलं. अकरा वर्षं आमच्या जेऊरच्या घरात ते कुणी उच्चारलं नाही.

कंपनी सोलापुरात मोडली असं कानावर आलं, आणि ‘परीक्षेच्या कामाला जाते’ असं अण्णांना सांगून मी निघाले.

थिएटरामागच्या गल्लीत नरसम्माबाईंचं लॉज होतं. तीनच खोल्या, स्वस्तातल्या, पण रूप असं की बघत राहावं! नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कुणा पेंटरनं दारांवर मोर आणि कमळं काढलेली, खिडक्यांना निळ्या-पिवळ्या काचा. शेजारी पेटी दुरुस्त करणारे, समोर तबलजी, कट्ट्यावर भाषणं घोकणारे नट...

“वसंता? हितंच ऱ्हायचा की, वरच्या खोलीत,” नरसम्माबाई म्हणाल्या. “कंपनी मोडली तसा गेला. कुटं, ते काय बोलला न्हाय.”

मी तीच खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळभर गल्लीत दारोदार विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी परत आले, न्हायले, ओले केस मोकळे सोडले, आतून कडी लावली आणि पडले. रडता रडता डोळा लागला.

चारच्या सुमारास उठून चहाला खाली गेले. नरसम्माबाई जिन्याच्या तोंडाशी डाळ निवडत बसल्या होत्या.

“बाई, लई सुंदर वेणी! कुणी घातली वो?”

हात मागे गेला... पाच पेड. टोक आत खोचलेलं.

“वर कोण आलं होतं?”

“कुणी न्हाय. जेवल्यापास्नं मी हितंच बसलेय की!”

कडी तर मी आत्ताच माझ्या हातानं काढली होती. तरी वर धावले. पलंगाखाली वाकून पाहिलं, खिडकीचे गज चाचपले. “दादा...” दोनदा हाक मारली. समोर तबला वाजत होता, तेवढाच.

दुसऱ्या दिवशी वेणी तशीच ठेवून, डोक्यावरून पदर घेऊन गाडीत बसले. घरी पोचल्यावर अण्णांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा पदर घसरला. अण्णा माझ्या पाठीवरच्या वेणीकडे बघत राहिले.

“वसंता भेटला?”



“हो,” मी म्हटलं.

“कसा आहे?”

“बरा आहे.”

आजपर्यंत त्याचं पत्र नाही, ठावठिकाणा नाही. तो असल्याची खूण नाही, नसल्याचीही नाही. त्या दुपारी खोलीत काय झालं, ते मला अजून सांगता येत नाही. आणि मी अण्णांशी खोटं बोलले की खरं — तेही.